जाकिटातला कापूस

बडनेऱ्यात माझ्या हातचं जाकीट घातलेला माणूस लग्नात उठून दिसतो, हे मी सांगायला नको. तीस वर्षं शिवतोय. एक नियम पाळत आलो: छाती असो की कंबर, शिवणीच्या आत दीड इंच कपडा दाबून ठेवायचा. माणूस आज ना उद्या सुटतोच, मग उसवून सैल करता येतं. रेडिमेडवाल्यांना एवढीही अक्कल नाही.

खुशालराव रेल्वेतून रिटायर झालेले. मुलीच्या, प्रणालीच्या लग्नासाठी डिसेंबरात त्यांनी राखाडी जाकीट शिवायला टाकलं. छाती अडतीस. जानेवारीत ट्रायलला आले, तर जाकीट अंगावर लोंबत होतं. मी माझ्याच वहीवर चिडलो. पुन्हा टेप लावला, चौतीस भरली. फासळ्या बोटांना लागत होत्या.

काय झालं विचारलं तर खुर्चीत बसले. महिनाभर घास घशाखाली उतरत नाही म्हणाले. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. प्रणाली अकोल्याला नर्स आहे. तिला कळलं तर लग्न बाजूला ठेवून ती आपल्यालाच घेऊन बसेल, ही त्यांची धास्ती. आधीच एकदा तारीख पुढे गेली होती.

"श्रावणभाऊ, लहान नको करू. अडतीसच राहू दे, आतून भर. लगन झालं का मी सोताच जातो दवाखान्यात."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, तेव्हा मला आजारी माणूस दिसलाच नाही, अवघड काम दिसलं. गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणला आणि अस्तराखाली छाती, खांदे, पाठ भरली. लग्नाच्या आठवडाभर आधी आणखी एक थर द्यावा लागला.

फेब्रुवारीत लग्न झालं. चेहरा झाकायला खुशालरावांनी दाढी राखली होती. रिटायर झाल्यावर माणूस सुधारला, असं लोक म्हणत होते, आणि मी लाजलज्जा सोडून फुगत होतो. पाठवणीच्या वेळी प्रणालीने वडिलांना मिठी मारली. तिचे हात त्यांच्या पाठीवर थांबले, मग तिने एकदा दाबून पाहिलं. मी मान फिरवली.

काल ती दुकानात आली, जाकीट टेबलावर ठेवलं. तपासणीत अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला होता. दोन महिने आधी आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं, आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भेटायला लोक येणार, बाबांना जाकीट घालूनच बसायचं होतं. कापूस काढून ते अंगाबरोबर करून द्या, एवढंच तिचं मागणं.

"तुमाले मालूम होतं ना, काका?"

मी हो म्हणालो. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने पर्समधून चिठ्ठी काढली. वॉर्डात तिनेच माप घेतलं होतं. छाती तीस.

मी अस्तर उसवलं. कापूस निघतच राहिला. खडूने नवी शिवण आखली आणि सवयीने बोलून गेलो, की जास्तीचा कपडा आत दाबून ठेवतो, पुढेमागे सैल करायला लागेल.

"कापून टाका," ती म्हणाली. "जाड शिवण टोचते त्यायले."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी तो कपडा कापला.