रात्री बारा अंश

दिवसा दिव्याखाली अठ्ठावीस, खोलीत बावीस. रात्री बारा.

फोल्कमारच्या अक्षरातली ही चिठ्ठी खोलीच्या दारावर होती. फोल्कमार डिसेंबरअखेरीस वारला. मागे राहिली ट्रूडे: केनियाच्या डोंगरातली हिरवीगार सरडी, आणि तीही पोटुशी. तिची जात अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते.

त्याच्या बायकोने, रोस्विटा टानर्टने, चिठ्ठी अर्धीच पाळली. सकाळी सातला दिवे लागत, संध्याकाळी सातला मालवत. रात्रीचं मात्र तिला पटेना. पोटुशी बाई, बाहेर जर्मनीतल्या चेम्निट्झचा जानेवारी, आणि बारा अंश? तिने खोली तापवणारा रेडिएटर चालू ठेवला आणि पिंजऱ्यावर स्वतःची शाल टाकली.

रात्री एकवीस.
रात्री एकवीस.
रात्री बावीस.

नवव्या दिवशी ट्रूडेने खाणं सोडलं. रंग चिखलासारखा. भर दिवसा डोळे मिटलेले.

सरडे पाळणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष क्राल आले. तापमापकावरच्या आकड्याकडे बघूनच त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो बाई, रात्री गार झाल्याशिवाय हिला विश्रांती नाही. नऊ दिवस तुम्ही हिला झोपूच दिलेलं नाही!"

"आता देते."

"कशी? तुमच्या भिंतीतून अख्ख्या इमारतीचे गरम पाइप गेलेत. फोल्कमार काय करायचे?"

"मला काय माहीत? संध्याकाळी ते दार लावून घ्यायचे."

"रविवारी गाडी घेऊन येतो. तोवर बारा झालं नाही, तर ट्रूडे माझ्या तळघरात."

"आणि झालं तर?"

"तर कॉफी पिऊन परत जाईन."

चार दिवस होते.

रेडिएटर बंद: एकोणीस. बर्फाच्या बाटल्या: अठरा, आणि फरशीभर पाणी. खिडकी दहा मिनिटं सताड उघडली: आठ! अर्ध्या तासात पुन्हा अठरा.

उरला एकच उपाय. खिडकीची दांडी वर फिरवून ती वरच्या कडेने आत कलती करायची आणि रात्रभर तशीच ठेवायची.

आता हे सांगायलाच हवं. या इमारतीत थंडीत खिडकी कलती ठेवत नाहीत. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं सताड उघडायची आणि बंद करायची. कलती राहिली की भिंत गार पडते, बुरशी धरते. हे जिन्यातल्या फळ्यावर लावलं कोणी? रोस्विटाने. खालच्या मजल्यावरच्या पोलांटच्या दारावर बावीस वर्षं चिठ्ठ्या कोणी चिकटवल्या? तिनेच.

तिने दांडी धरली. सोडली. ट्रूडेकडे पाहिलं. दांडी वर फिरवली.

रात्री चौदा.

सकाळी पोलांट जिन्यातच उभा होता.

"टानर्टबाई, खिडकी कलती राहिली वाटतं चुकून?"

"चुकून नाही."

"बुरशी धरते म्हणे. बावीस वर्षं वाचतोय मी."

"वाचता येतं तर! मला वाटलं, येत नाही."

"मग आता नियमाचं काय?"

"नियम आहे. मी मोडतेय. मार्चपर्यंत रोज मोडणार."

"मग मीही मोडतो."

"तुमच्याकडे सरडा आहे?"

"नाही."

"मग बंद ठेवा."

पोलांट खो खो हसला. दोन पायऱ्या उतरला, थांबला.

"फोल्कमार खिडकीत लाकडाची पाचर लावायचे. वाऱ्याने आपटू नये म्हणून. आणि दाराच्या फटीत कापड."

"तुम्हाला काय माहीत?"

"अकरा हिवाळे ती खिडकी माझ्या डोक्यावर कलती होती, बाई. अंगणाकडची ना, रस्त्यावरून दिसत नाही. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

अकरा हिवाळे. तिच्याच घरात. ती तडक वर गेली. पाचर पडद्यामागेच होती, हाताळून गुळगुळीत झालेली. "लबाड माणूस," ती रिकाम्या खोलीत म्हणाली. मग पिंजऱ्यावरची शाल काढून तिची घट्ट वळकटी केली. संध्याकाळी ती दाराच्या फटीत कोंबली.

रात्री बारा.
रात्री बारा.

रविवारी क्राल आले. ट्रूडे दिव्याखाली चपटी होऊन ऊन खात होती, अजून मळकट, पण पाठीवर हिरवं फुटलेलं. क्रालनी चिमट्यात किडा धरला. एक डोळा त्याच्याकडे वळला. बराच वेळ काही नाही. मग सप्‌!

"पिल्लं होईपर्यंत मी काही वचन देत नाही," क्राल म्हणाले.

"मी मागितलंय कुठे? साखर किती?"

संध्याकाळी सातला दिवे मालवले. रोस्विटाने फोल्कमारचा कोट अंगात चढवला आणि दांडी वर फिरवली.