न धुतलेला स्पंज

पाणी कसं असावं हे शून्यसाहेबांना कुणी शिकवायची सोय नव्हती. एकतीस वर्षं ते शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात होते आणि त्यांच्या सहीच्या अहवालात जंतूंच्या रकान्यात शून्याखेरीज दुसरा आकडा कधी आला नाही. टोपणनाव त्यावरूनच मिळालेलं. निवृत्त झाल्यावरही ते ऐकलं की साहेबांची मान ताठ व्हायची.

त्यामुळे ताईचा फोन आला तेव्हा त्यांना हसूच आलं. ताई म्हणाली होती, "घर सोडतेय, तुझ्याकडे यायला तयार आहे. पण माझा मासा बरोबर येणार. त्याची सोय होत नसेल तर तोंडावर सांग, मी इथेच एखादी खोली बघते."

"पाण्याचं तू मला सांगतेस?" साहेब म्हणाले.

भावोजींना जाऊन आठ महिने झाले होते. दिवसभरात ताई बोलत असेल तर त्या म्हाताऱ्या गोल्डफिशशीच. साहेबांना बहीण एकच, आणि तिने कुठल्यातरी परक्या खोलीत एकटीने दिवस काढावेत हे त्यांना मुळीच सहन होण्यासारखं नव्हतं.

त्यांनी तीन फुटी काचेची टाकी आणली. खडे आले, फिल्टर आला, फिल्टरच्या पोटात बसणारा स्पंज आला. दुकानातल्या बाईने बजावून सांगितलं, "नव्या पाण्यात मासा लगेच सोडू नका. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो त्याला विष. तो खाणारे जंतू आधी टाकीत वस्तीला यावे लागतात. रोज चिमूटभर खाणं टाकत राहा, म्हणजे त्यांचंही पोट भरेल. महिना-दीड महिना थांबा. नळीत पाणी घेऊन हे थेंब टाकून बघा. हिरवं झालं तर अमोनिया आहे, पिवळं राहिलं तर नाही. आणि उगाच हात घालत बसू नका."

जंतू वस्तीला यावे लागतात! साहेबांच्या कानाला ती शिवीच वाटली. त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःचंच खरं केलं. म्हणजे खाणं ते नेमाने टाकत, टाकीत भरायच्या पाण्यातला क्लोरीनही औषध घालून घालवत. पण स्पंजावर जरा तपकिरी झाक दिसली की त्यांना चैन पडत नसे. दिवसाआड तो नळाखाली धरून नवा कोरा दिसेपर्यंत घासत.

"अंग घासताना इतका जोर लावत नाही तुम्ही," बायको म्हणायची.

सहा आठवडे झाले. पाणी इतकं नितळ की टाकी रिकामी आहे असं वाटावं, आणि नळीतला रंग मात्र रोज गडद हिरवा. साहेबांनी थेंबांवर संशय घेतला, दुसरी बाटली आणली. तीही हिरवीच निघाली.

ठरल्या दिवशी सकाळी ताई आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात झाकणाची बादली. बादलीत तळहाताएवढा, शेपटी झिजलेला मासा.

"चल, सोडू या त्याला. प्रवासाने दमलाय."

गप्प बसता आलं असतं. पाणी लखलखत होतं आणि ताईने भावाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता. पण खोट्या अहवालावर साहेबांनी जन्मात सही केली नव्हती.

"ताई, पाणी तयार नाही गं," ते म्हणाले. "सहा आठवडे झटतोय. यात हा जगायचा नाही. माझंच काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही." आता ही बादली उचलणार आणि आल्या पावली परत जाणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

ताईने टाकीवर वाकून वास घेतला.

"स्पंज धुतोस?"

"दिवसाआड."

"कशाने?"

"नळाच्या पाण्याने. दुसरं कशाने धुणार?"

"आणि त्या नळाला क्लोरीन कोण घालतं रे?"

एकतीस वर्षं साहेबांनीच घातला होता, जंतू मारायला. बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

ताईने बॅगेतून घट्ट झाकणाचा डबा काढला. आत पाणी, आणि पाण्यात काळपट, बुळबुळीत, ओल्या मातीसारखा वास मारणारा स्पंज. साहेबांच्या अंगावर काटा आला.

"ही घाण तिथेच टाकायची नाही का!"

"टाकी टाकून आलेय मी. ती नुसती काच होती." ते हां हां म्हणेपर्यंत तिने त्यांचा गोरापान स्पंज काढून आपला बसवलाही. पाण्यात तपकिरी ढग उठला. साहेबांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी अर्धं पाणी बदललं, खाणं टाकलं, आणि मासा बादलीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग बसला होता. साहेबांनी खिडकीशी उभं राहून नळीत थेंब टाकले, हलवलं, पाच मिनिटं मोजली. पिवळं. नळी विसळून पुन्हा पाहिलं. पिवळं. तळातलं पाणी घेतलं, तेही पिवळं.

ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. आयुष्यभर त्यांनी शून्य आणलं ते मारून. हे शून्य जिवंतांनी आणलं होतं. मुठीत मावेल एवढ्या त्या काळ्या तुकड्यात कोट्यवधी जीव बसले होते आणि कुणाला न दिसता विष खात होते. एकतीस वर्षं ज्यांच्यावर पाळत ठेवली, ते हे असं काही करतात? साहेबांना नवल आवरेना.

"ताई, हे आले कुठून?"

"आपोआप. आमच्या यांनी बारा वर्षांपूर्वी पहिली टाकी लावली तेव्हा. ते मरतात, त्यांची पोरं, पोरांची पोरं. तीन घरं बदलली, एकदा काच फुटली, पण यांनी स्पंज कधी सुकू दिला नाही." ताईने फिल्टरवर हात ठेवला. "दवाखान्यात बोलवत नव्हतं, तरी विचारायचे, ओला आहे ना गं?"

भावोजींना साहेब मनातून रिकामटेकडा माणूस समजत आले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. कितीतरी पिढ्या सांभाळून तो माणूस गेला होता, आणि एक शब्द बोलला नव्हता.

ताईने मासा अलगद सोडला. तो क्षणभर तळाशी थांबला, मग फिल्टरच्या धारेत जाऊन शेपटी हलवू लागला. साहेबांना हात जोडावेसे वाटले. कुणाला जोडायचे ते दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी टाकीलाच जोडले.

"आता हा धुवायचा कसा, ते तरी सांग," ते हळूच म्हणाले.

"टाकीतलंच पाणी बादलीत घ्यायचं आणि त्यात दोनदा दाबायचा. महिन्यातून एकदा." ताईने डोळे पुसले. "पण तू हात लावायचा नाहीस. मी आहे ना आता इथे."