कोल्ह्यावर उतारा

कोष्टक पहिलं
टॅब्लेटचे तीन वर्ग: मिनिटाला ९२ शब्द.
जोडवाचनाचे तीन वर्ग: मिनिटाला ९५ शब्द.
वर्षाच्या सुरुवातीला सगळेच: ४८.

हे कोष्टक लक्षात ठेवायची गरज नाही. ते खोटं आहे.

सकाळी दहापर्यंत मात्र घड्याळबाईंना ते खरं वाटत होतं. गळ्यात सदा स्टॉपवॉच, म्हणून हे नाव; आता मुख्याध्यापकही तेच घेत. तिसरीच्या सहा वर्गांच्या चिठ्ठ्या टाकून त्यांनीच तीन-तीन वाटे केले होते, उगाच 'हुशार वर्ग तुमच्याकडे' अशी ओरड नको. घड्याळबाईंच्या तीन वर्गांत रोज वीस मिनिटं सातवीचं एकेक मूल तिसरीच्या एकेका मुलाशेजारी बसून वाचून घेई. उरलेल्या तीन वर्गांत टॅब्लेट. ते सांभाळायला त्यांची धाकटी नणंद, याच शाळेत शिक्षिका.

अट साधी होती: जिंकेल ते सहाही वर्गांत, हरेल ते बंद.

"वन्सं, तीन शब्दांनी गेलात हो!"

"मिरव, वहिनी, मिरव. तीन शब्दांत माणसं लग्नं मोडतात."

एक मुलगी तेवढी तपासायची राहिली होती, नणंदेच्या वर्गातली. तिला चाचणीचा उतारा दिला. 'कोल्हा नदीकाठी आला...' पोरगी सुटली ती थेट शेवटच्या ओळीवर थांबली. शहाण्णव शब्द. एक चूक नाही.

कागद उलटा होता.

"अगं, उलटा धरलायस!"

"फिरवू का?" मुलगी म्हणाली. "तसा कोल्हा मला पाठ आहे. सगळ्यांनाच आहे."

सात वर्षं तोच उतारा! टॅब्लेटच्या सरावात तो होता. आणि सातवीची मुलं? त्यांचीही तिसरीत त्याच कोल्ह्यावर चाचणी झाली होती. त्यांनी तो धाकट्यांना मायेनं घोटवून दिला होता. घड्याळबाई मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाल्या.

"गप्प बस," नणंद कुजबुजली. "तू जिंकलीयेस. मी हरायला तयार आहे, तर तू कशाला खड्ड्यात उडी मारतेस?"

"मी कुठली जिंकले? कोल्हा जिंकलाय."

मुख्याध्यापकांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुमचाच कार्यक्रम बुडेल, कळतंय ना?"

"बुडायचा असेल तर बुडू दे, सर. जे चालत नाही ते मला सहा वर्गांत नकोय."

"मग यावर उतारा काय?"

"उताराच, सर. नवा."

ते आधी रागावले, मग त्यांना कळलं, मग ते हसले.

ठरलं असं: उतारा नणंदेनं एकटीनं लिहायचा, कोणालाही दाखवायचा नाही. वहिनीचे वर्ग नणंदेनं तपासायचे, नणंदेचे वहिनीनं. एकही मूल वगळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी उतारा निघाला दातांच्या दवाखान्याचा. त्यात प्राणी औषधालाही नव्हता.

कोष्टक दुसरं
टॅब्लेटचे तीन वर्ग: ५३.
जोडवाचनाचे तीन वर्ग:

मुख्याध्यापकांच्या टेबलावर लिहिता लिहिता इथे घड्याळबाईंना थांबावं लागलं. नणंद अजून आली नव्हती. बेचाळीस मुलांनी 'कवळी'वर दम टाकला होता, तो त्यांनी स्वतः ऐकला होता. आपलीही तशीच अडखळली असणार. त्रेपन्न आले तरी तोंड दाखवता येईल. पन्नास आले तर वर्षभर सातवीच्या मुलांची रोजची वीस मिनिटं आपण नुसती जाळली.

दार धाडकन उघडलं. नणंद जिना पळत चढली होती. धाप लागल्यानं तिला बोलवेना. तिनं बोटांनी सात दाखवले. मग चार.

"सात आणि चार, अकरा?" मुख्याध्यापक गडबडले.

"चौऱ्याहत्तर!" नणंद ओरडली. "चौऱ्याहत्तर, सर! 'कवळी'वर पोरं पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा ती गिळलीच! मी दोनदा बेरीज केली, म्हटलं माझंच काहीतरी चुकलं असेल. नाही चुकलं!"

घड्याळबाई खुर्चीत बसल्या आणि मोठ्यानं हसल्या. पंच्याण्णवपेक्षा एकवीसनं कमी असलेला हा आकडा त्यांना छातीशी धरावासा वाटला.

"पुढच्या सत्रापासून सहाही वर्गांत जोडवाचन," मुख्याध्यापकांनी लिहायला घेतलं.

"पुढचं सत्र कशाला?" नणंद म्हणाली. "माझी पोरं काय पाप करून आलीत? वहिनी, सातवीची मुलं पाठव."

"कधी?"

"आत्ता गं!"

आणि सातवीची सव्वाशे मुलं आपापल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन, व्हरांडा दणाणून सोडत, खाली निघाली.