लिंबातलं रक्त

सदर भागातल्या रंगकंपनीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. दारातच भैयाजी महाराजांनी लिंबू चिरलं आणि लालभडक रस ओघळला. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल उंच धरले.

"पाहा, आत्मा रडून राहिला," महाराज म्हणाले. "भुताले बाकी कुठं नाही, पण आमच्यापाशी फुल रेंज भेटते."

चहाचा ट्रे धरून शामला मागे उभी होती. महाराज ज्याला भूत म्हणत होते तो तिचा नवरा, जितेंद्र. सात महिन्यांपूर्वी याच इमारतीचं प्लास्टर करताना तो तिसऱ्या मजल्यावरून पडून वारला. मग कंपनीनं तिला चहापाण्याच्या कामावर घेतलं. तो गेल्यापासून तिला भूक लागायची नाही, कुणाचा रागही यायचा नाही.

महाराजांनी डोळे मिटले. "तो म्हणते, मी पिऊन होतो, चूक माझीच. बायकोनं कंपनीवरची तक्रार मागं घेतली की मी सुटलो."

मॅनेजर विक्रमसाहेबांनी कागद तयारच ठेवला होता. शामलानं ट्रे खाली ठेवून पेन घेतलं. करायची सही तर करायची.

"थांबा, शामलाताई."

लॅबमध्ये रंग तपासणारी मुग्धा पुढे आली. महाराजांच्याच ताटातलं एक लिंबू तिनं पँट्रीच्या सुरीनं चिरलं. साधा रस निघाला.

"आत्मा कोणाच्याही सुरीत येत नाही," महाराज म्हणाले.

"मग तुमच्याच सुरीत बघू." त्यांच्या काळ्या सुरीनं तिनं दुसरं लिंबू चिरलं, रस लाल. मग मुग्धानं पूजेत मांडलेल्या देवीच्या हारातली जास्वंद पँट्रीच्या सुरीवर खसखसा घासली, सुकू दिली आणि सुरी शामलाच्या हातात ठेवली. "आता तुम्ही चिरा."

शामलाच्या बोटांवर लाल रस आला.

"जास्वंदीचा रस आंबटात लाल होतो, एवढंच," मुग्धा गर्दीकडे वळली. "काळ्या सुरीवर तो दिसत नाही. हात जोडायच्या आधी सुरी तरी मागून पाहत जा."

महाराजांनी सुरीसाठी हात पुढे केला. "ही पोलिसांना दाखवायची आहे," मुग्धा म्हणाली.

शामला बोटांकडे पाहत राहिली. "त्यानं कधी दारू पेली नाही," ती हळू म्हणाली. "तुम्ही त्याच्या तोंडानं खोटं बोलून राहिले."

गर्दीतून शालिकराम मिस्त्री पुढे आला. तो त्या दिवशी जितेंद्रच्या शेजारीच काम करत होता. "आम्ही उभे होतो त्या परांचीले कठडा नव्हता, वहिनी. मी साहेबाले दोनदा सांगितलं होतं. मंग मले भेव वाटे, तोंड उघडलं तर जितेंद्रचं भूत मलेच धरन."

विक्रमसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला.

"मेलेला माणूस लिंबातून बोलत नाही, भाऊ," शामला म्हणाली. "ज्यानं पाह्यलं, त्यालेच बोला लागते. कामगार कार्यालयात सांगता?"

"सांगतो. चाला."

तिला हलकं वाटलं नाही. तरी दोघं त्याच दुपारी गेले, आणि शालिकरामनं पाहिलेलं सगळं लिहून दिलं.