मागे बैल नसलेली घोडी

आमच्या ह्यांना काय म्हणावं! पुण्याला घोड्यांच्या शर्यती असल्या की त्या दिवशी सकाळपासून हे आमच्या हॉटेलातलं सगळ्यात मोठं टेबल अडवून बसतात. रविवार म्हणजे लोहगड चढणाऱ्यांची झुंबड. पोरंपोरी भिजून, चिखल तुडवून खाली येतात, पिठलं-भाकरी मागतात आणि त्यांना टेकायला जागा नाही. कारण टेबलावर मधोमध पेपर पसरलेला, त्यावर भिंग आणि भिंगावर ओणवे झालेले महिपती आबा. उठा म्हटलं तर म्हणतात, "थांब गं, दुसरी रेस चाललीय." अजून दुपार व्हायची असते, घोडी तिकडं तबेल्यात चारा खात असतात, आणि ह्यांची दुसरी रेस चाललीय!

एक सांगून ठेवते, नाहीतर लोक भलतंच समजायचे. हे घोड्यावर पैसा लावत नाहीत. कधीच लावला नाही. लावणाऱ्याचं ध्यान खिशात राहतं, घोड्यावर राहत नाही, असं ह्यांचं म्हणणं. ह्यांना फक्त आधी सांगायचं असतं. कुठलं घोडं येणार, का येणार. आणि ते अख्ख्या लोहगडवाडीनं मान डोलवून ऐकायचं.

ही सवय घाटातली. आमच्या मावळात बैलगाड्याच्या शर्यतीच्या चढत्या धावपट्टीला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा पळतो, त्याला बारी म्हणतात, आणि बैलांच्या पुढं एक घोडी पळते, वर स्वार. बैल त्या घोडीच्या मागं लागतात. घोडी मागं पडली तर बैल बुजतात, बारी वाया जाते, आणि स्वार बैलांच्या पायात आला तर काय होतं ते बोलायला नको. म्हणून घोडीनं पहिल्या ढांगेपासून पुढंच राहायचं. ह्यांचं सगळं आयुष्य असल्या घोड्या सांभाळण्यात गेलं. ह्यांच्या हातची शेवटची घोडी आता म्हातारी झाली, हॉटेलाच्या मागं पत्र्याखाली बांधलेली असते.

आणि त्याच घोडीवर आमची राजेश्वरी शिकली. आमच्या कैलासची लेक. बाप तळेगावच्या कंपनीत, आई शिवणकामात, पोरगी आजोबांच्या पायात. दहा वर्षांची असताना घोडीवर बसली ती उतरलीच नाही. कामशेतकडच्या एका घाटात पुण्याच्या कुणा ट्रेनरच्या माणसानं तिला बघितलं, घरी आला, आणि पोरगी पुण्याला गेली. आता ती जॉकी आहे. शिकाऊ, पण जॉकी. पेपरात नाव छापून येतं. ते नाव हे भिंगातून बघतात, भिंग काढून बघतात आणि मग गिऱ्हाइकाला दाखवतात. गिऱ्हाईक बिचारं पाणी मागायला आलेलं असतं.

घाटात आणखी एक रीत आहे. स्वारानं बारीला उतरायच्या आधी घोडी सांभाळणाऱ्याच्या पाया पडायचं आणि त्याचा शब्द घ्यायचा. शब्द घेतल्याशिवाय घोडीला टाच मारायची नाही. ह्यांचा शब्द ठरलेला : "पुढं ऱ्हा, मागं बघू नगं." राजेश्वरी पुण्याला गेली तरी रीत मोडली नाही. रेसकोर्सवर गेलं की जॉकींचे फोन काढून घेतात, म्हणून ती निघायच्या आधी सकाळी फोन करते, आबांचा शब्द घेते आणि मगच जाते.

त्या रविवारी तिनं आधी मला फोन केला. मी चुलीपुढं. फोन खांद्यात धरून भाकरी थापत होते.

"आज्जी, आबा जवळ हायत का?"

"न्हाईत. टेबलावर हायत. बोल."

"ट्रेनर सर म्हणले, आज परत सुरुवातीलाच पुढं काढली तर ही तुझी शेवटची. पुढं घोडं द्यायचे न्हाईत."

मी भाकरी तव्यावर टाकली. मागच्या तिन्ही रेसला असंच झालं होतं. पोरगी सुटल्याबरोबर सगळ्यांच्या पुढं, वाडीत टाळ्या, आणि शेवटच्या वळणावर घोडी दमली की बाकीची भराभर तिला मागं टाकून जायची.

"मग सायबाचं ऐक की, बाय."

"आबांचा शब्द घ्यायचा आणि उलटं वागायचं व्हय? न्हाई जमत मला. आणि न घेता बसणं तर त्याहून न्हाई."

"मी बोलते त्यांच्याशी."

"न्हाई आज्जी! सरांनी काय सांगितलं ते त्यांना सांगायचं न्हाई. माझं घोडं त्यांच्यामुळं हातचं चाललं असं त्यांच्या मनात आलं तर ते जेवायचे न्हाईत. तुला माझी शपथ हाय."

शपथ घालून पोरगी मोकळी झाली. मी एका हातात पीठ आणि दुसऱ्या हातात शपथ घेऊन बसले. तासाभरात तिचा आबांना फोन येणार होता.

तेवढ्यात शेजारचा सोपान चहा घेऊन आला. त्याचं मक्याच्या कणसाचं दुकान आहे आणि आबांना छेडणं हा जोडधंदा.

"काय आबा, आज कोण?"

ह्यांनी भिंग सरसावलं. "पयल्या रेसला गोल्डन डस्ट. मागल्या खेपेला सुटल्या सुटल्या दोन घोड्यांच्या लांबीनं पुढं होतं."

"आन आलं कितवं?"

"सातवं. पर सुटलं कसं ते बघ की!"

"बरं, दुसऱ्याला?"

"नाइट पोस्ट. वजन हलकं, जागा आतली. सुटलं की कुंपण धरून पुढं."

"गेल्या आयतवारी तुमी सांगितलेलं आतल्या जागंचं घोडं अजून यायचंय, आबा. वाटंत असंल."

मी चुलीपासून म्हटलं, "तिसऱ्या रेसला ते पांढरं घ्या. मागं मोबाईलात बघितलं मी, लय देखणं हाय."

"रंगावर घोडं ठरवती का कुनी?"

"मला बघाया आलता तवा तुमी कशावर ठरवलंत?"

सोपाननं चहा सांडला. हे पेपरात तोंड घालून म्हणाले, "तवा माझं वय लहान हुतं."

चौथी रेस ह्यांनी झटक्यात उरकली. पाचवी आली तशी पाठ ताठ केली. भिंग बाजूला ठेवलं. "सोळाशे मीटर. आठ घोडी. ह्या रेसला बाकीची सात वाचायचीच न्हाईत. सिल्व्हर रेन, वर आमची राजू. शिकाऊ म्हणून वजनात सूट हाय. सुटली की पुढं, ती शेवटपत्तुर पुढं. लिहून घे सोपान."

"मागल्या खेपेला शेवटाला सगळी तिच्यापुढनं गेली की, आबा."

"पोरीनं मागं बघितलं असंल."

झालं. तिथं माझं डोकं फिरलं. पोरगी ह्यांचा मान राखायला स्वतःचं घोडं घालवायला निघालेली, आणि हे म्हणतात तिनं मागं बघितलं. पण शपथ होती. ट्रेनरचं नाव घेता येत नव्हतं. मी पिठाच्या हातांनी तशीच टेबलापाशी गेले.

"मागं काय हाय वो बघायला?"

"आं?"

"पुण्याला. राजूच्या मागं काय असतं?"

"दुसरी घोडी असत्यात. काय इचारती!"

"बैल नसत्यात?"

सोपान हसायला लागला. हे नाही हसले.

"घाटात घोडी पुढं ऱ्हाती ती मागं बैल असत्यात म्हनून. मागं पडली तर तुडवत्याल म्हनून. तितं तिला कोन तुडवतंय? आन आपली घोडी पळायची किती? धा-बारा सेकंदात घाट चढली की संपलं, तुमी तिला गूळ चारायचा. राजूची घोडी दीड मिनिटाच्या वर पळायची. घाट चढून आलेल्या घोडीला तुमी कधी म्हनलाव का, आता आणिक सात घाट चढ, तसाच दम लावून?"

"घोडी म्हंजे घोडी," हे म्हणाले, पण आवाज खाली गेला होता.

"आन बैल म्हंजे बैल. तेच नसतील तर कुनाच्या पुढं पळायचं?"

सोपान परत हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो कप घेऊन आपल्या कणसांकडं गेला. ह्यांनी पेपराची घडी घातली. माझ्याकडं न बघता उठले आणि मागं पत्र्याखाली गेले. टेबल रिकामं झालं, चार पोरं धावून येऊन बसली, आणि मला पहिल्यांदा वाटलं, बसले असते तर बरं होतं. चारचौघांत बोलायला नको होतं की काय. हट्टाला पेटलेला हा माणूस उलट दामटून तोच शब्द देईल, अशी धास्ती लागली.

फोन वाजला. टेबलावरच राहिला होता. मी तो घेऊन मागं गेले. हे घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे होते.

"राजू हाय."

ह्यांनी फोन कानाला लावला. तिकडून पोरीचा आवाज मला ऐकू आला, "आबा? पाया पडते. आबा, हायसा न्हवं?"

"हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "पोरी, तुझ्या मागं बैल न्हाईत."

"काय आबा?"

"मागं बैल न्हाईत म्हनतो. मला आत्ता कळलं. जिवाला भ्यायचं कारण न्हाई. आज मागं ऱ्हा. घोडीचा दम राख. तुझा सायब सांगंल तितं सोड. ह्यो माझा शब्द."

तिकडून बारीक आवाजात, "व्हय आबा."

हे फोन मला देऊन परत टेबलाकडं गेले. जेवणाऱ्या पोरांना म्हणाले, "जरा सरका रे. पेपर सगळा पुन्हा वाचाय लागतोय."

दुपारी सोपानच्या मोबाईलवर आम्ही रेस बघितल्या. ह्यांचं पहिल्या रेसचं घोडं सुटलं लई झोकात आणि आलं मधेच कुठंतरी. माझं पांढरं सगळ्यात शेवटी आलं, ते ह्यांनी चार जणांना सांगितलं. मग पाचवी. फाटकं उघडली, आठ घोडी निघाली, आणि आमची राजू सगळ्यात मागं. हिरवी टोपी, बस्स, तेवढीच ओळख. आयुष्यभर ज्या माणसानं "पुढं, पुढं" म्हणून गळा सुकवला, तो मुठी आवळून बसला होता आणि पुटपुटत होता, "ऱ्हा मागं... ऱ्हा बाय... आत्ता न्हाई..." भाकरी करपली तरी मी उठले नाही.

वळण घेऊन सरळ पट्टीला लागल्यावर तिनं घोडी बाहेरून काढली. एक गेलं, दोन गेली, सहा मागं पडली. सोपान ओरडत होता, गिऱ्हाइकं ओरडत होती, कुणासाठी ओरडतोय ते त्यांना तरी कुठं माहीत! शेवटी एकच घोडं तिच्या पुढं राहिलं, तेही फक्त मानेएवढ्या अंतरानं. तिथंच खुणेचा खांब आला. दुसरी.

सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. आबांनी सकाळी वाडीपुढं पहिली सांगितली होती.

"दुसरी आली," हे म्हणाले. "सोपान, माझं सांगणं चुकलं."

संध्याकाळी पोरीचा फोन आला. मोठ्यानं बोलत होती, हसत होती. ट्रेनरनं पाठीवर थाप मारली आणि पुढच्या आयतवारी ह्याच घोडीवर बस म्हणून सांगितलं. हे सगळं ह्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर तोंड पाडून बसले.

"आता काय झालं?"

"तीन रेस पोरीच्या मी घालवल्या गं. ती एकदा बोलली न्हाई."

शपथ मी मोडली नव्हती, ट्रेनरचं ह्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ह्यांचं ह्यांनाच कळलं होतं. मी ताट वाढून पुढ्यात सरकवलं आणि सोपानला, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं :

"ऐका. शर्यतीच्या घोड्यातलं तुमाला काडीचं कळत न्हाई, आन ह्या जलमात कळायचं न्हाई. पर नातीसाठी आपला शब्द माघारी घेणारा गडी मावळात मी एकच बघितला, आन तो माझ्या घरात हाय. जेवा आता."