बॉनेट कोणी लावायचं

मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ उजव्या कानाशी धरली आणि डोळे मिटले. गॅरेजात सगळे गप्प झाले. सगळे म्हणजे तरी कोण, गाडीचे मालक मास्तर आणि मिस्त्रींची सून. पण मिस्त्री इंजिन ऐकायला लागले की शेजारचा वेल्डरसुद्धा हातातलं काम थांबवायचा, असा त्यांचा दरारा. गावभर त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत. इंजिनाचं पोट दुखतंय की डोकं, हे ते न उघडता सांगत.

आज त्यांना ऐकू येत होती नुसती घरघर. जाड आणि एकसारखी. मास्तर म्हणत होते ती अडखळ त्यात कुठे लागेना. आणि इंजिनात खोट नाहीच, की असून आपल्याला ऐकू येत नाही, हेही त्यांना कळेना. त्यांनी डोळे उघडायला जरा उशीरच केला.

“इथे तर साळसूद आहे,” ते म्हणाले.

“इथे असतेच ती साळसूद. डॉक्टरच्या दारात आलं की दुखणं पळतं, तशातली गत,” मास्तर म्हणाले. माणूस सभ्य. पेटी शिकवायचे, बोलणंही लयीत. गाडी त्यांच्या लग्नाहून जुनी, आणि बायकोपेक्षा जास्त ऐकते असं ते स्वतःच सांगत. पण मधूनच एखादा ठोका चुकायचा, गाडी उचकी लागल्यासारखी हिसका द्यायची आणि पुन्हा काही झालंच नाही अशी चालू लागायची. मिस्त्रींनी आधी प्लग बदलले, मग कॉइल. गाडी दोन्ही वेळा परत आली.

मास्तरांनी घसा साफ केला. उद्या भंगारवाल्याला बोलावलंय, असं ते जमिनीकडे बघत म्हणाले. राग नव्हता त्यांना, पण परवा ऐन चौकात गाडीने हिसका दिला आणि मागचा ट्रक जेमतेम थांबला. त्यांच्या बायकोने आता गाडीत बसायचं सोडलं होतं.

मिस्त्रींना ते फार लागलं. राग असता तर बरं, उलट चार शब्द सुनावता आले असते. या गॅरेजातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, हे ते छातीठोक सांगत आले होते. आणि गॅरेजचा दुसरा एक कायदाही होता: खोट ज्याने शोधली, काम पुरं झालं की बॉनेट त्याने लावायचं. कितीतरी कामगार आले, शिकले, आपापली दुकानं थाटून बसले. बॉनेट मात्र मिस्त्रीच लावत आले. दुसऱ्या कोणी चुकून हात घातला तर ते नुसते बघत, आणि तो हात आपोआप मागे येई.

कान गेल्या हिवाळ्यापासून दगा देत होते. आधी डावा, मग हळूहळू उजवाही. घरी त्याचा बोभाटा झाला नाही, कारण नवरा आपलं ऐकत नाही ही बायकोची तक्रार लग्नापासूनचीच होती. गॅरेजात मात्र त्यांनी बऱ्याच युक्त्या केल्या. रेडिओ बंद केला. लोक हसले की हसायचं. आणि गाडी चालवून बघायला एकट्यानेच जायचं, म्हणजे शेजारी बसून ‘हे ऐकलंत का’ असं विचारणारा कोणी नको. कानवाल्या मिस्त्रीचे कान गेले, हे गावाला कळलं तर उरलं काय? नुसता मिस्त्री. तसे गावात ढिगाने होते.

“मी एक फेरी मारून येतो,” ते म्हणाले आणि कोणी काही बोलायच्या आत गाडीत बसले.

ते नेहमीसारखे टेकडीच्या रस्त्याला गेले. गाडी खरी कळते ती चढावर, हा त्यांचा सिद्धांत. पाय दाबून ठेवला, गाडी तोऱ्यात वर चढली. ना हिसका, ना उचकी. वरून ते तशाच धडाक्यात खाली आले आणि गाडी ठणठणीत असल्याचं त्यांनी सांगितलं. सांगताना स्वतःचाच आवाज त्यांना पोकळ वाटला. मास्तर नुसते ‘बरं’ म्हणाले. त्या ‘बरं’मध्ये भंगारवाला स्पष्ट दिसत होता.

तेव्हा सून पुढे झाली. मुलगा ग्रीसच्या वासाने नाक मुरडून कचेरीत चिकटला. गॅरेजात आली ती त्याची बायको. पहिल्यांदा नुसती डबा घेऊन यायची, मग पाने हातात द्यायला लागली, मग पाने हातात घ्यायला. वेल्डर चिडवायचा, मिस्त्री, ही कानामागून आली आणि तिखट झाली. मिस्त्री म्हणायचे, झाली तर झाली, अळणी माणसं मला तरी कुठे आवडतात.

तिने मास्तरांना विचारलं, गाडी तुम्हीच चालवा, मी शेजारी बसते, चालेल का? मास्तरांचं काय जाणार होतं. दोघं गेली. मिस्त्रींनी तेवढ्यात हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

परत आली तेव्हा तिने फारसं काही सांगितलं नाही. मास्तर गाडी अशी चालवतात, म्हणाली, की मागच्या सीटवर दुधाचं पातेलं ठेवलं तरी हिंदकळायचं नाही. सपाट रस्त्याला अडखळते, चढ आला की सुधारते.

“उलटंच आहे सगळं,” मिस्त्री म्हणाले. दुबळं इंजिन चढावर धापा टाकतं. सपाटीवर अडखळून चढावर पळणारं त्यांनी पाहिलं नव्हतं.

“हो ना, बाबा. तुम्ही जेवून घ्या. मी तोवर जरा बघते.”

मिस्त्री मागच्या खोलीत गेले. डबा उघडला आणि तसाच पुढ्यात ठेवून बसले. पत्र्याच्या भिंतीपलीकडे इंजिन चालू झालं, एवढं त्यांना पायाखालच्या फरशीतून कळलं. मग काय झालं, ते कळलं नाही. उद्यापासून गॅरेज हिच्याकडे द्यावं आणि तब्येतीचं निमित्त सांगून घरी बसावं, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. डबा तसाच बंद करून ते बाहेर आले.

इंजिन बंद होतं. सून बॉनेटखाली वाकून उभी होती, दिवा आत टांगलेला.

“माझी तर मतीच चालेना,” ती इंजिनाकडे तोंड ठेवूनच, पण मोठ्याने म्हणाली. “तुम्ही एकदा डिस्ट्रिब्युटर उघडून बघता का? तुमची नजर पडली तर काही सापडेल.”

प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारी ती डबी. मिस्त्रींनी झाकण काढलं. आतली चकती बोटाने हळूच फिरवली. पाय हलका असला की इंजिन एका बारीक नळीतून ही चकती ओढून घेतं. पाय दाबला की, किंवा गाडी नुसती उभी असली की, सोडून देतं. चकतीबरोबर एक छोटी वायर हलत होती. वरून धडधाकट. त्यांनी ती चिमटीत धरून जराशी ताणली, आणि ती ताणली गेली. तांबं ताणलं जात नाही, ताणलं जातं ते वरचं आवरण. आत तार तुटलेली होती.

त्यांना सगळं एकदम उलगडलं. चकती जागेवर असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकत आणि गाडी साळसूद. मास्तर हलक्या पायाने निघाले की चकती फिरे, टोकं सुटत, ठोका चुके. आणि आपण? आपण प्रत्येक वेळी पाय दाबून टेकडी चढलो. मालकाला चालवायला देऊन शेजारी बसलो असतो तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मिस्त्रींची छाती भरून आली. सापडली! कान नसले तरी सापडली. दिव्याखाली वायर धरून त्यांनी सुनेला दाखवली.

“बाई गं, मला दिसलीच नाही,” ती म्हणाली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे वळली.

तिच्या ओठांभोवती एक काळं कडं उमटलं होतं. गोल, रबराच्या नळीच्या मापाचं.

मिस्त्रींनी त्या कड्याकडे पाहिलं. मग इंजिनावर सुटून पडलेल्या बारीक नळीकडे. पोरीने इंजिन चालू ठेवून ती नळी तोंडात धरली होती आणि श्वासाने ओढून चकती फिरवली होती. गाडी जागच्या जागी अडखळली असणार. ही युक्ती त्यांनी तिला शिकवली नव्हती. त्यांना स्वतःलाच कधी सुचली नव्हती.

आणि मग त्यांच्या हेही लक्षात आलं की हिवाळ्यापासून ही कायम त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहते.

त्यांना आधी लाज वाटली, पण ती टिकली नाही. तिच्या मागोमाग अभिमान आला आणि तो इतका आला की त्यांना मडगार्डला हात टेकावा लागला.

“माझे कान गेलेत, पोरी,” ते म्हणाले. “डोळे शाबूत आहेत. तोंड पूस.”

तिने ओठांवरून हात फिरवला, तो काळा निघाला. मग त्यांच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली, “मघाशी तुम्ही ऐकत होतात ना, तेव्हा तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतंच, बाबा. मलाही काही ऐकू आलं नव्हतं.”

मिस्त्रींनी मान डोलावली. दोघांनी मिळून नवी मऊ वायर जोडली. सुनेने नळी पुन्हा तोंडात धरून ओढली, या वेळी उघडपणे, आणि मिस्त्री इंजिनावर तळहात ठेवून उभे राहिले. इंजिन अडखळलं नाही. मास्तर एक फेरी मारून आले, ते गाडीतून उतरेचनात. सुरात आहे, सुरात आहे, एवढंच म्हणत राहिले. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगतो म्हणाले, आणि शेवटी एकदा नीट बघून घ्या म्हणून बॉनेट उघडून दिलं.

“मानलं तुमच्या कानाला, मिस्त्री,” मास्तर म्हणाले.

सून घाईघाईने हत्यारं गोळा करू लागली. बॉनेटपासून चार पावलं लांब सरकली, नेहमीसारखी.

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. शेजारच्या वेल्डरलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते बोलले. हल्ली ते मोठ्यानेच बोलत.

“माझ्या कानाला काही ऐकू येत नाही, मास्तर. हिने शोधलं.” आणि सुनेकडे वळून म्हणाले, “बघत काय उभी राहिलीस? बॉनेट लाव.”

ती पुढे आली. दोन्ही हातांनी तिने बॉनेट खाली घेतलं आणि सोडलं. मिस्त्रींचा हात मडगार्डवर होता, त्यांना ते नीट कळलं.