बॅटरी काढल्यावर पेटलेला दिवा

"बॅटरी कुठाय?" ज्योतिनाथ महाराजांनी विचारलं.

"टेबलावर," मी म्हणालो.

"कुणी काढली?"

"मी."

"मोठ्यानं सांग, बाळा. मागे बसलेल्या माउल्यांना ऐकू नाही आलं."

"मी काढली. माझ्या हातानं."

शुक्रवारची दुपार होती. मस्कतजवळच्या मबेलामधलं आमचं रेसिंग गॅरेज, शटर अर्धं खाली, एसी धापा टाकतोय. एरवी इथे चार माणसं आणि एक रेस कार असते. त्या दिवशी सत्संगासाठी मराठी माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, अगदी टायरच्या रॅकपर्यंत. इंजिनियर होते, बँकवाले होते, एक निवृत्त प्राध्यापकही होते. गाडीच्या मागच्या पंखावर झेंडूचा हार आणि टायरवर कुंकू. काढलेली बॅटरी स्टीलच्या ताटात ठेवून तिलाही फूल वाहिलेलं.

"आता हा लाल हँडल ओढ," महाराज म्हणाले. तो मेन कट-ऑफ. अपघात झाला की बाहेरून कुणीही ओढायचा, गाडीतली सगळी वीज बंद. मी ओढला.

महाराजांनी डोळे मिटले. कानाला लावलेल्या माइकमधून ओंकार घुमला. उजवा हात गाडीच्या मागच्या दिव्यावरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरून डाव्या कोपऱ्यावर थांबला, आणि दिवा लाल पेटला.

गॅरेजमध्ये एकच कल्लोळ. बायका रडायला लागल्या, प्राध्यापक गुडघ्यांवर आले. मीही हात जोडले असते, पण ते ग्रीसनं भरले होते.

"विज्ञान म्हणतं बॅटरी लागते," महाराज हसले. "मी म्हणतो, बॅटरी ही मनाची सवय आहे. सगळीकडे विश्वव्होल्टेज भरलेलंय. तुमचा प्लग बसलेला नाही एवढंच! गुरू काय करतो? प्लग बसवतो."

टाळ्या. हे वाक्य ऐकून हसू न येणारा इलेक्ट्रिशियन जगात नसेल. पण त्या दिवशी मी हसलो नाही. बॅटरी मी काढली होती ना!

मग महाराजांनी पुढच्या रांगेतल्या एका मुलीला जवळ बोलावलं. पूर्वा. आमच्या बिल्डिंगमधल्या सुगंधावहिनींची मुलगी, इंडियन स्कूलमध्ये चौथीत. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, लहानपणापासून. रोज सुया टोचून घेते, तरी आख्ख्या जिन्यात तिचाच आवाज. तिचे वडील अजिंक्य दूर सूर शहरात नोकरीला, दोन-तीन आठवड्यांनी घरी येतात. घर, शाळा, सुया, सगळं वहिनींच्या एकटीच्या डोक्यावर.

"हिला काय त्रास आहे?" महाराजांनी विचारलं. वहिनींनी सांगितलं.

महाराजांनी पुन्हा दिव्यावर हात ठेवून तो पेटवला. "माउली, बॅटरीशिवाय दिवा पेटला, तर सुईशिवाय लेकरू का नाही चालणार?"

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. महाराजांच्या मागे आरतीचं ताट धरून उत्तमदादा उभा होता. त्यानंही हे ऐकलं. आणि ताट पुढे केलं.

उत्तमदादा म्हणजे उत्तम पेडणेकर, मालवणचा. या गॅरेजमधला सगळ्यात जुना वायरमन. मी चिपळूणहून आलो तेव्हा मला वायर नीट सोलताही येत नव्हती. वायरच्या टोकावर क्रिम्प कसा दाबून बसवायचा, कनेक्टरची पिन बसली की होणारा तो बारीक 'टक्' कसा ऐकायचा, सगळं त्यानं शिकवलं. धूळ उडते तेव्हा पुढची गाडी दिसत नाही, फक्त तिचा मागचा दिवा दिसतो. म्हणून दादा म्हणायचा, "कौशिक, हो दिवो आपल्यासाठी नाय. मागसून येणाऱ्यासाठी." आणि कुठलाही दिवा पेटला की त्याचा एकच प्रश्न असायचा: "वीज आली खंयसून?"

त्यानं शिकवलेला एक नियम आमच्याकडे सगळे पाळतात. जॉइंट झाला की त्यावर काळी स्लीव्ह चढवून गरम करायची, ती आवळून बसते. अशी दुसऱ्यानं बंद केलेली स्लीव्ह आपण कापायची नाही. कापायचीच असेल तर आधी त्याला विचारायचं. मी गाडीचा पुढचा भाग करायचो, दादा मागचा. मागच्या भागाची एक स्लीव्हही मी कधी कापली नव्हती.

सत्संगानंतर मी त्याला विचारलं, "दादा, वीज आली कुठून?"

"सगळ्याच गोष्टी मीटर लावून मोजायच्या नसतात रे," तो शुद्ध मराठीत म्हणाला. माझ्याशी तो तसं कधी बोलत नसे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आठवड्याच्या सुरुवातीला जिन्यात पूर्वा भेटली. पायरीवर बसली होती, शेजारी पाण्याची मोठी बाटली रिकामी.

"काय गं, शाळा?"

"काका, मला खूप थर्स्टी होतंय. आणि व्हॉमिट पण झाली." ती लांब लांब श्वास घेत होती. तोंडाला कुजक्या फळासारखा गोडसर वास.

मी वर धावलो आणि साबेराभाभींचं दार वाजवलं. त्या रत्नागिरीच्या, क्लिनिकमध्ये नर्स. त्यांनी पूर्वाचं तोंड हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. "गाडी काढ."

सुगंधावहिनी दारात आडव्या आल्या. "महाराज म्हणालेत, सुई बंद केली की आधी त्रास बाहेर पडतो."

"त्रास बाहेर नाही पडत, पोरगी आत चाललीय! बस गाडीत. भांडायचं ते गाडीत भांड."

वहिनी भांडल्या. सगळा रस्ता भांडल्या. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पूर्वाला सरळ आत घेतलं. पुढची रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही. पोरगी वाचली. सलाइन आणि इन्सुलिनच्या नळ्यांमध्ये झोपली होती, इवलीशी.

मला वाटलं, आता डोळे उघडले. वॉर्डाबाहेर वहिनी माझ्याशी हळू आवाजात बोलल्या.

"माझी श्रद्धा कमी पडली. घरी गेलो की पुन्हा सुया बंद करायच्या, या वेळी मन घट्ट ठेवून."

"वहिनी, ती मरत होती!"

"कौशिकभाऊ, तो दिवा मी या डोळ्यांनी पाहिलाय. बॅटरी कुणी काढली होती? तुम्हीच ना? तुम्ही खोटं बोलाल का?"

त्या भोंदूच्या चमत्काराचा सगळ्यात मोठा पुरावा मी होतो. माझा खरेपणा त्यानं ताटात ठेवून लोकांना वाटला होता. आणि त्या प्रसादावर एक लेकरू मरणार होतं.

तिथून मी थेट गॅरेजमध्ये गेलो. दादा जेवायला गेला होता. मी गाडीच्या मागे बसलो, मागचा दिवा सोडवला आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याची स्लीव्ह कापली.

कनेक्टरच्या रबरी टोपीत, जिथे बोटसुद्धा नीट जात नाही तिथे, एक बारीक बारा व्होल्टचा सेल होता. गेटच्या रिमोटमध्ये असतो तसला. त्याला तांदळाच्या दाण्यासारखी लांबट काचेची नळी जोडलेली, आत धातूच्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक जवळ आला की त्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात, वीज वाहते. चुंबक हलला की सुटतात. हे सगळं दिव्याच्या वायरला असं जोडलं होतं की गाडीची बॅटरी काढा नाहीतर समुद्रात फेका, याला फरक पडणार नव्हता. चुंबक कुठे होता हे सांगायला नको. महाराजांच्या उजव्या हातात टपोऱ्या काळ्या खड्याची अंगठी होती.

एवढ्यावर मला फक्त संताप आला असता. पण मग मला तो दोरा दिसला. सेल हलू नये म्हणून मेणदोऱ्यानं बांधला होता, आणि गाठ होती जाळ्याची. मासे पकडायच्या जाळ्याची. या गॅरेजमध्ये तशी गाठ एकच माणूस मारतो, कारण तो आधी बापाबरोबर जाळी विणायचा.

पाठीमागे चपला वाजल्या. दादानं कापलेली स्लीव्ह पाहिली.

"न विचारता कापलंस?"

"तू याच्यावरच विसंबला होतास ना? की कौशिक नियम पाळणारा आहे, तो कापणार नाही?"

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "बायको गेली तेव्हा मी तोंडात घास घेत नव्हतो. ह्या माणसान माका उभो केल्यान. वाटलं, चार लोकांना त्यांच्यापर्यंत आणावं. नुसत्या शब्दांवर कोण येतं रे? काहीतरी दाखवायला लागतं."

"आणि पूर्वा? तो सुई बंद कर म्हणाला तेव्हा तू ताट धरून उभा होतास."

"माका वाटला, आई आसा ती. ती थोडीच ऐकतली?"

"तिनं तुझा दिवा पाहिला होता, दादा! तुझ्या दिव्यामुळे ऐकलं तिनं!"

त्यानं डोकं धरलं. "शुक्रवारी पुन्हा बैठक आहे. मी स्वतः सांगतो सगळ्यांसमोर. तोपर्यंत तसंच राहू दे. तुका माझो शब्द."

मी त्याच्या शब्दावर नवी स्लीव्ह चढवली. त्याचं पाप मी माझ्या हातानं पुन्हा बंद केलं, कारण ज्यानं मला उभं केलं त्याला एक संधी द्यायची होती.

शुक्रवारी सकाळी वहिनींनी मला चावी देऊन घरून पूर्वाचे कपडे आणायला पाठवलं. फ्रिजच्या दारावर निझवाच्या किल्ल्याचं एक खेळणं चिकटवलेलं होतं, सहलीला गेल्यावर पूर्वानं घेतलेलं. मागे बटणाएवढा चुंबक. आतल्या कप्प्यात तिचं इन्सुलिन तसंच पडून होतं. मी किल्ला खिशात टाकला. दादानं शब्द दिला असताना मी तो का घेतला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

दुपारी पुन्हा तीच गर्दी, थोडी जास्तच. पूर्वाजवळ साबेराभाभी थांबल्या होत्या आणि वहिनी पहिल्या रांगेत. महाराज संध्याकाळी सलालाहला निघणार होते, म्हणून लोक डब्यांमधून प्रसाद न्यायला आलेले. मी बॅटरी काढली, हँडल ओढला आणि दादाकडे पाहिलं.

दादानं ताट उचललं, महाराजांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि नजर खाली घातली.

बस. एवढंच घडलं. कानफटात बसावी तसा मी उभा राहिलो.

"बॅटरी कुणी काढली, बाळा?"

"मी काढली," मी म्हणालो. "मोठ्यानं सांगतो. बॅटरी मी काढली, आणि दुसरी उत्तमदादानं आत लपवलीय."

हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "ए, बस खाली!"

"वहिनी, इकडे या. हा किल्ला ओळखता ना?"

"पूर्वाचा आहे. तुमच्याकडे कसा?"

"मंत्र म्हणू नका, डोळे मिटू नका. दिव्याच्या डाव्या कोपऱ्याला नुसता टेकवा."

"स्त्रीनं यंत्राला स्पर्श—" महाराज पुढे झाले, पण वहिनी तोवर पोचल्या होत्या. त्यांनी किल्ला टेकवला.

दिवा पेटला.

त्यांनी हात काढला. विझला. पुन्हा टेकवला. पेटला. त्या तेच करत राहिल्या, आणि गॅरेजमधला आवाज हळूहळू संपत गेला. मी स्लीव्ह कापून सेल आणि नळी त्यांच्या हातावर ठेवली. मग म्हणालो, "महाराज, ती अंगठी जरा द्या. या पान्याला चिकटते का बघू."

महाराजांना एकदम विमानाची वेळ आठवली. विश्वव्होल्टेजचा माइक कानालाच राहिला, त्यामुळे गाडीत बसेपर्यंत ते ड्रायव्हरला काय काय बोलले ते आम्ही सगळ्यांनी स्पीकरवर ऐकलं. त्यात ओंकार नव्हता.

वहिनी मात्र महाराजांकडे बघतही नव्हत्या. त्या दादासमोर उभ्या होत्या.

"उत्तमकाका, पूर्वाच्या वाढदिवसाला तुम्ही दिव्यांची माळ करून आणली होती. माझ्या पोरीला तुम्ही कडेवर घेतलंय."

दादानं ताट खाली ठेवलं. "सुगंधा, मी सांगणार होतो..."

"कधी? ती गेल्यावर?"

तो आता निझवाच्या एका वर्कशॉपमध्ये असतो. फोन करत नाही, मीही करत नाही. गाडीचा मालक अम्मार सगळं ऐकून म्हणाला, "मॅजिक खलास. मागची सगळी वायरिंग नवी. माझा दिवा बॅटरीवरच चालू दे. यल्ला, लागा कामाला!" ती वायरिंग मी केली. प्रत्येक पिनच्या 'टक्'बरोबर मला त्याचाच आवाज ऐकू येत होता. माझ्या हातातलं जे काही चांगलं आहे ते त्यानंच दिलंय, आणि हेच मला सहन होत नाही.

पूर्वा घरी आली. किल्ला फ्रिजवर परत गेला, दार रोज उघडतं, सुई रोज टोचली जाते. जिन्यातला आवाजही परत आलाय.

तुम्ही म्हणाल, एका बाबाची गोष्ट, त्यात एवढं काय. बाबा परका होता हो. परक्याच्या थापा आपण कधीतरी ओळखतो. आपल्याला फसवतं ते आपलं माणूस, आणि ज्या भिडेनं आपण त्याला प्रश्न विचारत नाही, ती भीड. त्या गर्दीत शिकलेले कितीतरी होते. एकानंही उठून दिव्याचं झाकण उघडलं नाही. मीही पहिल्या शुक्रवारी उघडलं नाही. आणि आमच्या त्या सभ्यपणाची किंमत एक चौथीतली पोर भरत होती. गुरू असो, बाप असो, दादा असो, दिवा पेटला की विचारा, वीज आली कुठून. खरा असेल त्याला राग येणार नाही. आला तर समजून जा.

आमच्या गॅरेजचा नियम मी बदललाय. बंद केलेली कुठलीही स्लीव्ह कुणीही कापावी, कुणाला विचारू नये. नव्या माणसाच्या हातात मी पहिल्या दिवशी ब्लेड देतो आणि सांगतो, सुरुवात माझ्यापासून कर.